बिनशिक्क्याचा पाय

नैरोबीच्या विमानतळावर माझी पेटी काट्यावर चढवली तेव्हा पलीकडच्या बाबूने हिंदुस्थानीत विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, धोतरं, एक कोट, बहिणीचं लुगडं आणि एक पाय. त्याचा लिहिता हात थांबला. लाकडाचा आहे, भाऊजींचा आहे, असं मी घाईघाईने सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पेटीकडे पाहिलं आणि पेटीच्या कडीला एक चिठ्ठी बांधली. तिच्यावर मुंबई लिहिलं होतं म्हणे. मला इंग्रजी येत नाही. म्हणून रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघांकडून मी ती चिठ्ठी वाचून घेतली. दोघांनीही मुंबईच वाचलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

चांद्याच्या वाचनालयातल्या मंडळींनी मला या खेपेला बजावलं होतं की आपल्या जिल्ह्यातून विमानात बसलेली माणसं थोडी, तू बसलास तर लिहून पाठव. म्हणून हे लिहितो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत लागलो. तिथून बल्लारपूरच्या आरागिरणीत गेलो आणि गिरणीतल्या एका सरदार मिस्त्रीने मला नैरोबीला, आपल्या थोरल्या भावाच्या सुतारखान्यात धाडलं. तिथे मला फुंडी (कारागीर) म्हणतात. हात चालतो, भाषा चालत नाही, म्हणून प्रवासात मी प्रत्येक कागद दोघांकडून वाचून घेतो. पण सांगायला आनंद वाटतो की हा प्रवास मी पार पाडला, आणि ज्या कामासाठी केला ते कामही झालं.

काम असं होतं. माझ्या बाईचे, म्हणजे थोरल्या बहिणीचे, यजमान लखमाभाऊजी आलापल्लीच्या डेपोत हातोडा मारायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जंगलातून आलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर सरकारी हातोडा मारतात. हातोड्याच्या डोक्यावर एक चांदणी कोरलेली असते, ती लाकडात उमटते. ज्या लाकडावर चांदणी नाही ते चोरीचं, एवढा साधा कायदा. मला डेपोत भाऊजींनीच नेलं, जेवू बाईने घातलं. मी आफ्रिकेत असताना एका पावसाळ्यात थप्पीवरून ओंडका घसरला आणि भाऊजींच्या पायावर आला. चांद्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्यानंतर बाईचं एक पत्र आलं. गुरुजींकडून लिहवलेलं. भामरागडच्या वाटेवर त्यांच्या गावाजवळ जंगल खात्याचा नाका आहे. तिथला वाटेवरचा आडवा दांडा उचलणारा म्हातारा आता घरी बसणार होता. रेंजर साहेब म्हणाले होते की ती जागा लखमाला देऊ, पण त्याने दोन्ही पायांवर उभं राहून दांडा उचलून दाखवला पाहिजे. भाऊजी तर दोन काखेकाठ्यांवर चालायचे. दोन्ही हात काठ्यांना दिले तर दांड्याची दोरी धरायची कशाने? पावसाळ्याआधी साहेबांचा शेवटचा दौरा होता, तेव्हाच काय ते ठरणार होतं. पत्राबरोबर बाईने बांबूची एक कामटी पाठवली होती. तिच्यावर भाऊजींच्या चांगल्या पायाची उंची खाच पाडून दाखवली होती, आणि कापलेल्या पायाचा घेर मोजलेले दोन दोरे तिला बांधले होते.

मी पाय केला. सरदारजींनी म्वूलेचा (तिकडचा सागासारखा वृक्ष) एक वाळलेला ठोकळा दिला, घोड्याच्या खोगिराचे जुने पट्टे दिले. वरचा भाग वाटीसारखा कोरून आतून मऊ कातडं लावलं, खालचा भाग मुसळासारखा गोल ठेवला. बोटीने निघालो असतो तर पाऊस माझ्याआधी पोचला असता आणि भामरागडची वाट बंद झाली असती. तेव्हा सरदारजी म्हणाले, विमानाने जा, तिकिटाचं मी पाहतो. ते हे कसे म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर ते रंध्याला धार लावायला निघून गेले.

तिकिटाच्या दुकानात जेठाभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ होते. विमानाने येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही त्यांचं म्हणणं उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एडनला विमान बदलायचं होतं. पुढचं विमान धरण्याचे दोन मार्ग होते. एकात मध्ये थोडाच वेळ, दुसऱ्यात अर्धा दिवस. मी अर्थातच पहिला मागितला, आणि मुंबईत उतरल्या दिवशीच नागपूरची मेल धरतो म्हणालो. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि सगळा रस्ता विचारून घेतला. वर्धा, चांदा, आष्टीची नाव, आलापल्ली. मग म्हणाले, तुम्ही पावसाच्या धाकाने एकाला एक चिकटवून गाड्या धरताय. पहिलं विमान जरा उशिरा आलं की दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, मग एडनलाच बसा. त्यांनी अर्ध्या दिवसाचा मार्ग दिला. मुंबईचं तर त्यांनी हात जोडून सांगितलं. एडनला आणि पुढे वाटेत विमान थांबेल त्या कराचीला तुमची पेटी कोणी उघडणार नाही, ती आपोआप पुढे जाईल. जकात मुंबईत, कारण आपल्या देशात पहिलं पाऊल तिथे पडणार. तिथे किती वेळ लागेल ते देवालाही माहीत नाही. तेव्हा मुंबईत एक दिवस मोकळा ठेवा.

पेटी आपोआप पुढे जाईल, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. आमच्या डेपोत माल आणि माणूस वेगळे झाले की माल गेलाच समजायचा. तरी मान डोलावली.

विमानाबद्दल फार लिहीत नाही. उडताना कान बंद झाले आणि शेजारच्या बाईंनी मला गोळी चोखायला दिली. खाली ढग होते ते पिंजलेल्या कापसाच्या गंजीसारखे दिसत होते. मी बहुतेक वेळ पायाखालच्या पत्र्याकडे पाहत बसलो, कारण त्याच्याखाली कुठेतरी माझी पेटी होती.

एडन म्हणजे काळ्या उघड्या डोंगरांखाली समुद्र. झाड म्हणून दिसत नाही. चांद्याचा मे महिना मी काढलेला आहे, पण तिथल्या उन्हाने माझेही डोळे दिपले. आमचं विमान उशिरानेच पोचलं होतं. थोड्या वेळाचा मार्ग घेतलेले दोघे प्रवासी आपलं पुढचं विमान उडताना पाहत उभे होते. मी मनात जेठाभाईंना नमस्कार केला. बाकीचे लोक सावलीच्या खोलीकडे चालू लागले, मी मात्र विमानाच्या पोटाखाली उभा राहिलो. हमालांनी पेट्या काढल्या, त्यात माझी होती. ती हातगाडीवर चढली. मी हातगाडीमागे निघालो.

एका दाढीवाल्या मुकादमाने मला थांबवलं. तो मुंबईच्या बंदरात पूर्वी राहिलेला होता, त्याला हिंदुस्थानी येत होतं. कुठे चाललात? मी म्हणालो, पेटीबरोबर. तो म्हणाला, पेटी तुमच्याआधी मुंबईला पोचेल, तुम्ही खोलीत बसा. मी म्हणालो, ती दुसऱ्या विमानात चढलेली पाहिली की बसतो. दुसरं विमान अजून यायचं आहे, तो म्हणाला. मग ते येईपर्यंत मी इथे उभा राहतो, मी म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला आणि पेटीत असं काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. मला त्याने गोदामाच्या दारात सावलीला एका खोक्यावर बसवलं, जिथून पेटी दिसत होती. दुधाशिवायचा गोड चहा आणि खजूर आणून दिले. संध्याकाळी दुसरं विमान आलं तेव्हा त्याने माझी पेटी सगळ्यांच्या आधी उचलायला लावली आणि मला बोट करून दाखवलं. खजुराचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

कराचीला आम्हाला एका मोठ्या खोलीत बसवलं आणि पासपोर्ट काढून घेतले. माझा पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला तेव्हापासून तो परत येईपर्यंत मी काही खाल्लं नाही. चहा देणारा माणूस आमच्या चांद्याच्या गोलबाजारात बोलतात तशीच हिंदी बोलत होता, ती ऐकून थोडं बरं वाटलं. जेठाभाईंच्या म्हणण्याप्रमाणे इथेही पेटी कोणी उघडली नाही. हे सगळं कोणीतरी आधी विचार करून बांधलेलं आहे, एवढं मला कराचीत समजलं, आणि विमान पुन्हा उडाल्यावर मी पहिल्यांदा झोपलो.

मुंबईची जकात म्हणजे लांबलचक लाकडी फळ्या, त्यावर उघड्या पडलेल्या पेट्या, आणि पलीकडे पांढऱ्या कपड्यांतले साहेब. माझा साहेब तरुण होता, मराठी होता. त्याने पायाभोवती गुंडाळलेलं कांबळं उलगडलं आणि पाय हातात घेतला.

"कोणाचा?"

"भाऊजींचा."

"ते कुठे आहेत?"

"आलापल्लीच्या पुढे. चांदा जिल्हा."

"माणूस चांद्याला आणि पाय आफ्रिकेतून?"

शेजारच्या फळीवरचे दोन साहेब हसले. मीही हसलो, पण त्याच्या हातातल्या पायावरची नजर हलवली नाही. चांदा कुठे आलं, असं त्यातल्या एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, अरे आता आपल्याच मुंबई राज्यात आलंय. मला तेवढ्यानेही धीर आला.

प्रश्न असा निघाला की हा माल कोणता? लाकडी सामान म्हणावं तर एक जकात, परदेशी इमारती लाकूड म्हणावं तर दुसरी, औषधोपचाराची वस्तू म्हणावी तर तिसरीच. तरुण साहेब मोठ्या साहेबांकडे गेला, मोठे जेवायला गेले होते. ते आले, जाड पुस्तक उघडलं गेलं. मी बाकावर बसून राहिलो. नागपूरच्या मेलची वेळ टळून गेली. जेठाभाईंचं ऐकलं नसतं तर हातातलं तिकीट फुकट गेलं असतं. शेवटी मोठ्या साहेबांनी मला बोलावून पाय बांधायचा कसा ते दाखवायला सांगितलं. मी माझ्या गुडघ्यावर पट्टे लावून दाखवले. त्यांनी एका कागदावर सही केली, जकात लागत नाही म्हणाले. तरुण साहेबाने पेटीवर आणि पायावरही खडूने फुली मारली.

ही फुली पाहून मला जो आनंद झाला तो डेपोतल्या माणसालाच कळेल. सरकारी माणसाने लाकडावर निशाणी केली, आता कोण अडवतो? मी त्या फुलीवर रुमाल गुंडाळला, रुमालावर कांबळं. तो मोकळा दिवस आता धर्मशाळेत काढायचा होता. तिथला झाडूवाला पेटी पुसायला आला तर त्याला मी पेटीला हात लावू दिला नाही.

मेलने वर्ध्याला उतरलो, तिथून गाडी बदलून चांद्याला. जटपुरा दरवाज्यातून आत शिरताना कोणीतरी मागून म्हणालं, कोट घालून कोण येऊन राह्यलं बा, आणि माझे डोळे भरून आले. वाचनालयातली मंडळी तेव्हाच भेटली. दुसऱ्या दिवशी मोटारीने आष्टी. वैनगंगा उन्हाने आटून निम्मी झाली होती, नावाडी बांबूने नाव ढकलत होता. पलीकडच्या थडीला एक बाई टेंभरं (तेंदूची पिवळी फळं) विकत होती. ओंजळभर खाल्ली. एडनचा खजूर चांगला, पण टेंभराची ती चिकट गोडी जिभेला ओळखीची. पश्चिमेला ढग चढत होते. आलापल्लीहून एक लाकडाची रिकामी ट्रक भामरागडच्या वाटेला निघाली होती, तिच्यात बसलो. दोन्ही बाजूंना साग उभा होता, पानं झडलेला, खाली मोठमोठी वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. ड्रायव्हर म्हणाला, उद्या साहेबांची जीप येऊन राह्यली, आणि पुढच्या आठवड्यापासून वाट बंद. मी वेळेवर आलो होतो.

आणि मग तो नाका आला.

नाकेदार (जंगलाचा शिपाई) नवा होता, मडावी नावाचा. मला ओळखत नव्हता. त्याने ट्रक तपासली आणि माझी पेटी उघडायला लावली. मी स्वतःहून कांबळं उलगडलं, रुमाल सोडला आणि फुली दाखवली. फुलीचं थोडं पांढरं तेवढं उरलं होतं.

"हे काय हाय?"

"मुंबईच्या साहेबाची निशाणी," मी म्हणालो. "जकात पास झाली आहे. हा कागद पाहा."

त्याने कागद उलटासुलटा करून परत दिला. पाय हातात घेतला, खालचं गोल तोंड पाहिलं, अंगठ्याने चोळलं.

"हातोडा कुठी हाय?"

मी सांगितलं की हा साग नाही, आफ्रिकेतला म्वूले आहे. त्याने पायाच्या रेषा मला दाखवल्या. रंग तोच, रेषा तीच. खरं सांगायचं तर मी त्याच्या जागी असतो तर मीही साग म्हणालो असतो.

"दादा, मले दिसून राह्यलं का हा पाय हाय," तो म्हणाला. "पण लाकूड हाय का नाई? उद्या साहेब येऊन राह्यले. माझ्या नाक्यावरून बिनशिक्क्याचं लाकूड गेलं तं मी कुठी जाऊ?"

विमानाची तीन ठाणी झाली, मुंबईची जकात झाली, कोणी नेला नाही तो पाय बाईच्या गावाच्या वेशीवर जप्त झाला. मी त्याला बाईची शपथ घातली, भाऊजींचं नाव सांगितलं. तरी पाय त्याने चौकीत टेबलावर ठेवला. मी पाय तिथेच सोडून पेटी घेऊन घरी गेलो.

बाई अंगणात वाकून मोह वेचल्यासारखी काहीतरी निवडत होती. तिने मला पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पाय कुठे ते विचारलं नाही, आधी पाणी आणलं. मी सांगितलं तेव्हा ती खाली बसली. भाऊजी बाजेवर होते. ते हसायला लागले. मला वाटलं दुःखाने हसतात, पण तसं नव्हतं.

"मडावीनं धरला? बरोबर करून राह्यला तो."

"तुमचा पाय धरला त्यानं," बाई म्हणाली. "हसता काऊन?"

"माहा पाय धरणारा आजवर कोणी भेटला नोता न," भाऊजी म्हणाले.

रात्री बाईने सुकटीचे झिंगे आणि वांगं केलं, सोबत तांदळाची भाकर. मी मुंबईपर्यंतच्या गोष्टी सांगितल्या. भाऊजींनी एडनचा मुकादम पुन्हा पुन्हा सांगायला लावला.

सकाळी आम्ही बंडीतून नाक्यावर गेलो. भाऊजी बंडीत, बाई आणि मी चालत. थोड्या वेळाने जीप आली. साहेब नागपूरकडचे होते, कपाळावर घाम, बोलणं मोजकं. टेबलावरचा पाय पाहून त्यांनी विचारलं, हे काय प्रकरण आहे? मडावीने ताठ उभं राहून सगळं सांगितलं. मी मुंबईचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, ते हसले आणि मडावीला म्हणाले, देऊन टाक, हा काही माल नाही.

मडावीचा चेहरा पडला. मी पाय उचलायला हात पुढे केला, तोच बंडीतून भाऊजी बोलले.

"साहेब, असा नाई घेत मी."

साहेब वळले. बाईने कपाळावर पदर ओढला, ती घाबरली असावी. मीही घाबरलो. आलेली गोष्ट परत जाते की काय असं वाटलं.

"मडावीनं बराबर अडवलं," भाऊजी म्हणाले. "उद्या मी दांड्यावर बसन. माह्याच पायाले शिक्का नाई, तं मी दुसऱ्याची बंडी कोणत्या तोंडानं अडवू? हातोडा मारा साहेब, मंग घालतो."

साहेब मडावीला म्हणाले, हातोडा आण.

त्याआधी पाय लावून पाहायला हवा होता. भाऊजींना लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं, मी पट्टे बांधले. वाटी अगदी बरोबर बसली. बाईचे दोरे खरे होते. पण भाऊजी उभे राहताच एका बाजूला कलले. पाय दोन बोटं लांब होता. मी कपाळ बडवून घेतलं. कामटीवरचं माप अनवाणी पायाचं होतं. नैरोबीत माणूस बुटाशिवाय पाहायला मिळत नाही, म्हणून मी न विचारता बुटाच्या टाचेइतकं लाकूड जास्त ठेवलं होतं. भाऊजींनी जन्मात बूट घातलेला नाही.

"विमानात बसून हुशार झाला माहा साळा," भाऊजी म्हणाले, आणि साहेबही हसले.

चौकीतली करवत घेऊन मी तिथेच दोन बोटं कापली. कापलेलं तोंड ताजं निघालं, पिवळसर. बरं झालं शिक्का आधी मारला नव्हता, नाहीतर तो तुकड्याबरोबर गेला असता. मडावीने हातोडा आणला, आणि मारायला पुढे झाला. भाऊजींनी हात पुढे केला. मडावीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

भाऊजींनी पाय दोन्ही मांड्यांत आडवा धरला, हातोडा एकदा तळहातावर तोलला आणि मारला. एकच घाव. चांदणी मधोमध उमटली. मग त्यांनी स्वतः पट्टे बांधले आणि माझा खांदा धरून उठले. दोन पावलं माझ्या आधाराने टाकली. तिसऱ्याला त्यांनी माझा हात काढला. दांड्यापर्यंतची वाट थोडीच होती, पण बाई श्वास रोखून होती हे मला तिच्या बांगड्या गप्प झाल्या त्यावरून कळलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी दोरी धरली, ओढली, आणि दांडा वर गेला. आमची बंडी पलीकडे गेली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईने मात्र मडावीला विचारलं, "जेवले का तुमी?" त्या दिवशी तो आमच्याकडे जेवला.

मी होतो तेवढ्यात पाऊस आला. वाट बंद व्हायच्या आत निघणं भाग होतं. शेवटच्या ट्रकमध्ये बसलो तेव्हा भाऊजी दांड्यावर हजर होते, डोक्यावर घोंगडी, अंगात खाकी सदरा. बाई आदल्या दिवशीच घरी रडून मोकळी झाली होती. ट्रक थांबली. भाऊजी खिडकीशी आले.

"पेटीत काय हाय?"

"भाऊजी, मीच आहे."

"ते दिसून राह्यलं. पेटीत काय हाय?"

मी पेटी उघडली. बाईने दिलेली चारोळी आणि वाळकी मोहफुलं निघाली. त्यांनी ती नाकाशी नेली, परत नीट ठेवली आणि झाकण लावलं.

"इथी चालते हे," ते म्हणाले. "पुढच्या नाक्याचं तू पाह्य. विमानावाल्यायनं विचारलं तं खरं सांगजो." मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तो जरा जास्त वेळ तिथेच ठेवला.

दांडा वर गेला. मी ट्रकच्या फळीवरून मागे पाहत होतो. ओल्या मातीत चौकीपासून दांड्यापर्यंत भाऊजींच्या दिवसभराच्या फेऱ्या उमटल्या होत्या. एक अनवाणी पाऊल, एक गोल खळगा. प्रत्येक खळग्याच्या तळाशी चांदणी होती.

परतीच्या प्रवासात मी मुंबईत मोकळा दिवस ठेवला, एडनला लांबचा मार्ग घेतला आणि पेटीमागे धावलो नाही. मुकादम मात्र दिसला नाही. खजूर घेतला, या खेपेला पैसे देऊन. नैरोबीच्या जकातीत विचारलं तेव्हा मोहफुलं काय असतात ते सगळं खरं सांगितलं. त्यांनी फुलं ठेवून घेतली, चारोळी सोडली.

सुतारखान्यात शिरताच सरदारजींनी पहिलं विचारलं, पाय बसला का? जमिनीवर लाकडाचा भुसा साचला होता. मी खाली बसून बोटाने त्यात एक पाऊल काढलं, शेजारी एक गोल, गोलात चांदणी. मग सगळं सांगितलं. सरदारजी कमरेवर हात ठेवून ते पाहत राहिले. संध्याकाळी झाडणारा आला तेव्हा त्याला म्हणाले, "उधर रहने दे. उधर झाडू मत लगा."